चार पिनांचे झाळकाम

वयाच्या ६८व्या वर्षी मी झाळकाम शिकलो, आणि तेही आठवीत शिकणाऱ्या एका मुलीकडून. हौस म्हणून नव्हे. घरातल्या एका वृद्ध बाईच्या औषधाची वेळ चुकू नये एवढ्यासाठी चार पिना एका पडद्याला जोडावयाच्या होत्या, आणि त्या जोडण्याच्या कामात मी काही करावे असा हट्ट माझाच होता. त्या चारांपैकी एक पिन माझ्या हातून नीट जोडली गेली नाही. त्याचे काय झाले, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

माझे आजोळ गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या सर्वण गावी. डिचोलीच्या बाजारापासून हे गाव जवळच आहे. पंचायतीचे नाव कारापूर-सर्वण. कुळागरे, तांबडी माती आणि पलीकडे खाणींनी सोललेले डोंगर अशी इकडची ओळख. आमचे घराणे बडोद्यास स्थायिक होऊन चार पिढ्या झाल्या, तरी आजोळचा धागा तुटलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर मी महिनाभर तेथे राहिलो होतो.

मामी आता नव्वदीच्या घरात आहे. पोर्तुगीज अमलात सरकारी शाळांची भाषा पोर्तुगीज असे, पण गावोगाव लोकांनी पदरमोड करून मराठी शाळा चालविल्या होत्या. तशाच एका शाळेत मामी अक्षरे शिकली. घरात बोलते ती कोंकणी, वाचते मराठी. पोथी असो की पंचायतीची नोटीस असो, अक्षर देवनागरी असेल तर मामी ते वाचल्याशिवाय सोडीत नाही. कान मात्र तिने जवळजवळ गमावले आहेत. रक्तदाबाची एक गोळी सकाळी आठला आणि एक रात्री आठला घ्यावयाची असते. रात्री सारे घरी असतात, पण सकाळची वेळ अडचणीची. मामेभाऊ कुळागरात, त्याचा मुलगा व सून साडेसातला कामावर, नात शाळेत. मोबाईलचा गजर लावला तरी तो मामीला ऐकू येत नाही, आणि त्याच्या काचेवर उमटणारी बारीक इंग्रजी अक्षरे तिच्या उपयोगाची नाहीत.

यावर उपाय काढला तो त्या नातीने, म्हणजे मामीच्या पणतीने. गोवा शासनाने २०२१ मध्ये शाळांतून संगणकाच्या आज्ञावल्या व यंत्रमानवशास्त्र शिकविण्याची ‘केअर्स’ योजना सुरू केली. तेव्हापासून तिकडच्या मुलांना या गोष्टींचे आपल्यासारखे भय वाटत नाही. तिने एका कागदावर चित्र काढून मला दाखविले. एक लाकडी डबी, डबीच्या तोंडावर छोटा पडदा, खाली एक मोठे बटण. आठ वाजले की पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘गोळी घ्या’ असे उजळेल. मामीने गोळी घेऊन बटण दाबले की ‘घेतली’ असे दिसेल. पुढची वेळ झाली की पुन्हा ‘गोळी घ्या’. विचार इतका सरळ होता की, हे बाजारात तयार का मिळत नाही, असे मला वाटून गेले. मिळत असेलही, पण मामीच्या अक्षरांत नव्हे.

टपालाने सामान आले. त्यात एक आर्डुइनो होता. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांसाठी म्हणून हा चिमुकला संगणक-पट्टा जन्मला, आणि आज तो जगभर शाळकरी मुलांच्या हाती आहे. वेळ सांभाळणारा एक घड्याळाचा तुकडा होता. आणि होता तो पडदा. कर्णाने मोजला तर जेमतेम १.३ इंच, आगपेटीच्या तोंडावर सहज मावावा असा. त्यात आडवे १२८ आणि उभे ६४ असे एकूण ८,१९२ प्रकाशाचे ठिपके. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागून दिवा लागत नाही, त्यामुळे काळ्या पाटीवर खडूने लिहावे तशी अक्षरे स्वच्छ दिसतात. देवनागरीला हे फार सोयीचे. जुन्या धर्तीच्या पडद्यांत प्रत्येक अक्षराला वेगळा चौकोन असे आणि दोन चौकोनांमध्ये फट राही. तेथे शिरोरेघ दर अक्षराला तुटे. येथे ती सलग ओढता येते.

पुडीत पडद्याबरोबर एक काळी पट्टी होती, तिच्यात चार पितळी रंगाच्या पिना ओळीने रोवलेल्या. पडद्याच्या वरच्या काठाला चार भोके होती, पण भोके रिकामी आणि पिना वेगळ्या. मला वाटले, कारखान्यातून अर्धवट माल आला. मुलगी हसली. “आजोबा, ते मुद्दामच तसे देतात. कुणाला पिना मागल्या बाजूला हव्या असतात, कुणाला पुढल्या, कुणी पिना न लावता सरळ तारच जोडतो. आता आपण सोल्डर करायचे.”

ते ‘आपण’ मी धरून बसलो.

त्या चार पिनांची कामे तिने मला समजावून दिली. भोकांशेजारी इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असतात. जीएनडी आणि व्हीसीसी या दोन विजेच्या. एक परतीची, एक येण्याची. उरलेल्या दोन, एससीएल आणि एसडीए, निरोपाच्या. फिलिप्स कंपनीने १९८२ साली ही दोन तारांची रीत काढली. एक तार ताल धरते आणि दुसरी त्या तालावर एकेक अक्षर पुढे सरकविते. ताल नसेल तर दुसऱ्या तारेवर काय चालले आहे, याचा पडद्याला पत्ता लागत नाही. पिनांमधले अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. शेजारच्या दोन पिनांमध्ये जास्तीच्या धातूचा थेंब आडवा पसरला की पूल तयार होतो आणि काम बिघडते. पिना आणि भोक यांच्यात धातू पोचला नाही तरी बिघडते.

माजघराच्या खिडकीपाशी आम्ही पाट मांडला. खिडकी अशासाठी की, झाळताना जो धूर येतो तो छातीला चांगला नव्हे, विशेषतः दमेकऱ्याच्या. तो धूर धातूचा नसतो, राळेचा असतो. झाळकामाची तार दिसायला नुसती रुपेरी. पण आतून ती पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते. आमची तार ६० भाग कथील व ४० भाग शिसे अशी होती. यातली एक गोष्ट मला मोठी मौजेची वाटली. कथील एकटे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे एकटे ३२७ ला. पण दोघांचे मिश्रण १८३ अंशांनाच पाघळू लागते. शिसे विषारी, म्हणून युरोपात २००६ सालापासून बहुतेक विजेच्या उपकरणांत त्याला मनाई झाली, आणि बिनशिशाच्या तारेला आणखी ताप द्यावा लागतो. शिकाऊ हातासाठी शिशाची तार सोपी. मात्र काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज काही तोंडात घालावयाचे नाही, असा नियम त्या मुलीने घातला आणि माझ्यावर नजर ठेवून तो पाळून घेतला.

सोल्डरिंग आयर्न म्हणजे पेनाएवढा दांडा, टोकाला तांब्याचा आत्मा आणि वर लोखंडाचे कवच. ते तापल्यावर तिने टोक ओल्या स्पंजावर पुसले आणि लगेच तार टेकवून टोकावर धातूचा पातळ चकचकीत लेप चढविला. “याला टिनिंग म्हणतात,” ती म्हणाली. “हे केले नाही तर टोक काळे पडते आणि ताप पुढे जात नाही.”

मामी दारात उभी राहून पाहत होती. तिला शब्द ऐकू आला नसावा, पण हात दिसला. ती म्हणाली, “ही कल्हईच की!”

मी चमकलो. टिन म्हणजे कथील, आणि कथलाचा लेप म्हणजे कल्हई, हे मला कुणी सांगावयास हवे होते काय? बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या वाड्यापुढे वर्षातून दोनदा कल्हईवाला बसे. भाता फुलवून तो पातेले लाल होईपर्यंत तापवी, कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवी, भप्पकन पांढरा धूर उठे, आणि कथलाची कांडी टेकताच काळवंडलेले तांबे चांदीसारखे होई. आम्ही मुले त्याला जादू समजत होतो. त्यातले शास्त्र असे की, तांब्यावर हवेने जो जंग चढतो तो नवसागर खाऊन टाकतो, आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ तांब्यात कथील शिरते. शिरते हा शब्द मी जाणून वापरतो. कथील तांब्यावर नुसते बसत नाही. दोघांच्या सीमेवर दोघांपासून एक तिसराच पदार्थ तयार होतो, अगदी पातळ थराचा, आणि तोच त्यांना धरून ठेवतो. कल्हईवाल्याच्या नवसागराचे काम तारेतली राळ करते. सोनाराच्या पेढीवर तेच काम टाकणखार करतो. झाळणे, डाग देणे, कल्हई लावणे हे सारे शब्द आपल्या घरात होते. विजेचे सामान आले तेव्हा आपण ते शब्द अडगळीत टाकले आणि नव्याने अडाणी झालो.

बडोदेकरांना येथे कलाभवनाची आठवण व्हावी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम ही सारी कारागिराच्या मुलाला त्याच्या मायबोलीतून शिकविता यावीत, असा त्या दोघांचा आग्रह होता, आणि त्यासाठी देशी भाषांत परिभाषा घडविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची तंत्रशाखा बनले. आम्ही त्या इमारतीवरून आयुष्यभर जात-येत राहिलो. पण आत जाऊन कानस हातात धरावी असे आमच्या बैठ्या नोकरीच्या घराण्यांत कुणाला फारसे वाटले नाही. मलाही वाटले नव्हते.

पहिला दिवस मी भंगार पट्टीवर हात बसविण्यात घालविला. मला वाटले होते, आयर्नने तार वितळवावी आणि थेंब पिनेवर सोडावा, मेणबत्तीचे मेण सोडतात तसा. थेंब पडला खरा. पण गोल, टपोरा आणि अलिप्त. अळवाच्या पानावर पाणी बसते तसा तो पिनेवर बसला होता. नखाने ढकलताच पिनेसकट हलला.

“आजोबा, तारेला नका तापवू, जोडाला तापवा,” ती म्हणाली. “टोक पिनेलाही टेकवा आणि खालच्या तांब्याच्या कड्यालाही. एक-दोन सेकंद थांबा. मग तार दुसऱ्या बाजूने लावा. आयर्नला नाही, पिनेला लावा. जोड तापला असेल तर सोल्डर आपोआप तिकडे धावते.”

आणि ते खरोखर धावले! मी ते भिंगातून पाहिले. तार टेकताच पाण्यासारखी पसरली, कड्यावरून आत ओढली गेली, पिनेभोवती वर चढली आणि थांबली. आधी तार काढावयाची, मग आयर्न. आणि थंड होईपर्यंत हात हलवावयाचा नाही. सारा खेळ तीन-चार सेकंदांचा. नीट बसलेला जोड कसा दिसतो, याला डिचोलीत उपमा शोधावी लागत नाही. तेथील कासारांच्या पितळी समया नामांकित आहेत. समईचा पाया जसा खाली रुंद पसरून अंतर्वक्र होत दांड्याला मिळतो, तसाच चांगला जोड पिनेला मिळालेला असतो. वाईट जोड अळवावरच्या पाण्यासारखा. एवढ्या दोन खुणा ध्यानात ठेवल्या की निम्मी विद्या आली.

उरलेली निम्मी मात्र हाताची, आणि ती लवकर येत नाही. ताप कमी पडला तर धातू चिकटत नाही. जास्त झाला तर तांब्याचे कडे पट्टीपासून सुटून वर येते आणि पडदाच फुकट जातो. दुसऱ्या दिवशी खरा पडदा घेतला तेव्हा माझ्या मनात ही दुसरी भीती फार होती. पिनांची लांब बाजू भोकांच्या पाटीत, म्हणजे ब्रेडबोर्डात, उभी रोवली. म्हणजे पिना सरळ राहतात. आखूड टोकांवर पडदा बसविला. दोन्ही टोकांच्या पिना, जीएनडी व एसडीए, मुलीने झाळल्या. मधल्या दोन माझ्या. व्हीसीसी छान बसली. एससीएल करताना मी आयर्नचे टोक पुसावयास विसरलो. ते काळे पडले होते. धातू वितळला, पण रेंगाळत वितळला. पडदा जळेल या धाकाने मी आयर्न झटकन उचलला.

मुलीने भिंग लावले. “ही तिसरी थोडी गोल आहे, आजोबा. पुन्हा तापवू या?”

“चालते आहे ना? आधी जोडून तर बघ,” मी म्हणालो.

जोडले. तिने आज्ञावली भरली. काळ्या पाटीवर शिरोरेघ ओढलेले ‘गोळी घ्या’ उजळले. सारे घर गोळा झाले. मामीने मोठ्याने वाचले, आणि बटण दाबून ‘घेतली’ही वाचले. मी खुशीत होतो. मुलीने पुन्हा एकदा त्या तिसऱ्या पिनेचा विषय काढला. मी म्हणालो, “चाललेल्या कामाला हात लावू नये.” वडीलधाऱ्याने असे म्हटल्यावर घरातली आठवीतली मुलगी काय बोलणार? डबी बंद झाली आणि मामीच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात बसली.

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी सकाळी केर काढताना कुणीतरी डबी उचलून पुन्हा ठेवली. मी त्या दिवशी मामेभावाबरोबर कुळागरात गेलो होतो. साडेबाराला परत आलो, तेव्हा मामेभावाने सवयीने गोळ्यांची पट्टी पाहिली. सकाळची गोळी तशीच होती.

मामीला विचारले. तिने कोनाड्याकडे बोट केले. “घेतलां म्हणून बरयलां न्ही थंय?” घेतली असे तिथे लिहिले आहे ना!

पडद्यावर ‘घेतली’ असेच होते. आदल्या रात्रीचे. मामी म्हणाली, आपल्याला गोळी घेतल्याचे आठवत नव्हते. पण आठवत नाही असे हल्ली पुष्कळच होते, आणि यंत्र काही विसरत नाही. तेव्हा आपणच घेऊन विसरलो असू, असे समजून ती गप्प बसली होती.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितले तसे केले, आणि ईश्वरकृपेने काही वाईट झाले नाही. पण त्या दुपारी मला जेवण गेले नाही. मामीने यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या आठवणीला खोटे पाडले होते, आणि यंत्राचा तो शब्द मी झाळला होता.

मुलगी शाळेतून आली. तिने डबी उघडली नाही; पिशवीत घातली आणि मला डिचोलीच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानी घेऊन गेली. आयर्न धरावयाचे तिला ज्यांनी शिकविले ते हे गृहस्थ. खाणीवरच्या ट्रकांची वायरिंग करण्यात त्यांची उमेद गेली. २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले. मध्यंतरी सुरू झाले आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले. तेव्हा चाळिशी उलटल्यावर त्यांनी टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर अशी कामे धरली. जाड केबल जोडणाऱ्या हाताला केसासारख्या तारा जोडावयास शिकविणे सोपे नव्हते, असे ते म्हणाले.

त्यांनी भिंगही घेतले नाही. डबी उघडून पडदा चालू असतानाच लाकडी काडीने एकेक पिन हळूच दाबली. तिसऱ्या पिनेवर काडी टेकताच पडदा जागा झाला, काडी उचलताच पुन्हा थिजला.

“ड्राय सोल्डर,” ते म्हणाले. दुरुस्तीवाल्यांचा हा रोजचा शब्द.

पण पडदा विझला का नाही, हा माझा प्रश्न होता. विझला असता तर कुणाच्याही लक्षात आले असते. त्यांनी व मुलीने मिळून मला ते समजावले. पडद्याच्या मागे त्याची स्वतःची छोटी पाटी असते. शेवटचा जो निरोप आला तो तिच्यावर लिहिलेला राहतो. वीज मिळते आहे तोवर पडदा तोच दाखवीत बसतो. माझी पहिली पिन, विजेची, उत्तम होती. तालाची पिन सुटली होती. म्हणजे प्रकाश होता आणि निरोप नव्हता. व्हीसीसी कच्ची राहिली असती तर पडदा काळा झाला असता आणि मामीने शेजारी कुणाला तरी हाक मारली असती. उघड बिघाडाने माणूस सावध होतो. हा जोड निर्जीवपणे उजळत राहिला आणि कालचे सत्य आज सांगत राहिला.

“म्हणून ‘चालते आहे ना’ असे म्हणून डबी बंद करायची नाही,” दुकानदार म्हणाले. मुलगी माझ्याकडे न पाहता पडद्याकडे पाहत होती. मीच तिला म्हणालो, “बाळ, तू दोनदा सांगितले होतेस.”

तिसरी पिन मी त्यांच्या दुकानातच पुन्हा झाळली. या वेळी टोक पुसले, कल्हई केली, जोडावर राळेचा एक ठिपका लावला, टोक पिनेला आणि कड्याला दोन्हींना टेकविले, आणि मनात एक-दोन मोजले. गोल थेंब एकाएकी खचला, पसरला आणि समईचा पाया झाला. मग त्यांनी तपासणीच्या तीन पायऱ्या शिकविल्या. आधी भिंगाने चारी बाजूंनी पाहावयाचे. मग काडीने दाबून, किंचित हलवून पाहावयाचे. मग मल्टिमीटरची एक सुई पिनेवर आणि दुसरी पट्टीवरच्या पुढल्या तांब्यावर ठेवून आवाज येतो का ते ऐकावयाचे. आणि हे करताना वीज बंद ठेवावयाची. दर जोडामागे एक मिनिटसुद्धा लागत नाही. हे एक मिनिट मी सहा दिवसांपूर्वी दिले नव्हते.

मुलीने आज्ञावलीतही दुरुस्ती केली. ‘घेतली’ या शब्दाखाली आता ‘आज सकाळी’ किंवा ‘काल रात्री’ असे येते, शेजारी चालू वेळ दिसते, आणि कोपऱ्यात एक ठिपका दर सेकंदाला उघडझाप करतो. मामीला समजावून सांगितले की, ठिपका लुकलुकत असेल तरच अक्षरावर विश्वास ठेवावयाचा. ठिपका थांबला तर यंत्र झोपले असे समजावयाचे. मामीने हे फार लवकर आत्मसात केले. ती म्हणाली, नाडी बघायची, एवढेच ना?

बडोद्यास परतताना मी पुण्यास उतरलो होतो, तेव्हा पाबळची आठवण निघाली. शिरूर तालुक्यातल्या त्या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेल्या खेड्यातल्या मुलांच्या हाती त्यांनी वेल्डिंगची कांडी, करवत आणि सोल्डरिंग आयर्न दिले, आणि ती मुले शिकू शकतात हे दाखवून दिले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या धर्तीची ‘फॅब लॅब’ तेथे उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. हाताने केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हा त्यांचा विश्वास. माझी त्यात भर एवढीच की, हाताने करताना जे चुकते त्याची जबाबदारी टाळता येत नाही. कागदावरची चूक खोडता येते, दुसऱ्यावर ढकलता येते. जोड कच्चा राहिला की त्याच्यावर कुणाच्या हाताचे नाव आहे, ते लपत नाही.

आमच्यासारख्या जुन्या घरांतून अजूनही मुलांना सांगितले जाते की, अशी कामे करावयास माणसे मिळतात. मिळतात हे खरे. पण निदान एक जोड स्वतः झाळून पाहावा असे मी सुचवितो. साहित्य फार लागत नाही; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते मिळते, आणि आता तर टपालानेही येते. शिकविण्यास घरातलेच एखादे मूल मिळेल. त्याने एखादी पिन पुन्हा तापवू या असे म्हटले, तर मात्र ती तापवावी.

परवा सर्वणहून फोन आला होता. मुलीने सांगितले, ठिपका लुकलुकतो आहे, एकही गोळी चुकलेली नाही. मी विचारले, मामी डबीवर नीट विश्वास ठेवते ना?

“ठेवते,” ती म्हणाली, “पण आधी पट्टीतल्या गोळ्या मोजते.”